देवाला लिहिलेली निनावी चिठ्ठी

मी एकदा देवाकडे निनावी तक्रार केली होती. तीही डाव्या हाताने लिहून.

उजव्या हाताने लिहिली असती तर पकडले गेले असते ना! प्राथमिक शाळेत फळ्यावर वर्षानुवर्षं गिरवलेलं माझं वळणदार अक्षर आमच्या चर्चच्या मंडळीत कोणालाही ओळखू आलं असतं. निम्म्यांना तर ग म भ न मीच शिकवलं होतं. म्हणून छप्पन्न वर्षांची मी, दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, स्वयंपाकघराचं दार लोटून, डाव्या हातात पेन्सिल धरून, पहिलीतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून लिहीत बसले होते: ‘एका बहिणीच्या घरामागचा लूमचा कारखाना बंद पडावा, म्हणजे तिला शांतपणे प्रार्थना करता येईल, यासाठी प्रार्थना करावी.’ ‘एका बहिणीच्या’ हं! जणू ती बहीण मला रस्त्यात भेटली होती. माझ्या डोक्यावरचे केस ज्याने मोजून ठेवलेत, त्याला फसवायला मी हात बदलला होता.

हे सगळं उकरून निघालं ते आमच्या एस्तेरमुळे. एस्तेर माझी नात, यंदा दहावीला. काल दुपारी कानांत कापसाचे बोळे कोंबून इतिहास पाठ करत होती. एकदम पुस्तक आपटून म्हणाली, “आजी, तुझं देवाकडे वजन आहे ना? मग सांग त्याला, परीक्षा होईपर्यंत ते मागचे लूम बंद कर म्हणावं.”

मला इतकं हसू फुटलं की कवळी हाताने धरावी लागली.

“सांगितलं होतं एकदा,” मी म्हटलं.

“मग?”

“मग पडले ना बंद.”

तिने दोन्ही कानांतला कापूस काढला.

मार्च महिनाच असा आहे, जुनं काहीबाही वर आणणारा. धामणकर नाक्यावर ताडगोळेवाले टोपल्या मांडतात, शेअर रिक्षावाले एकाच सीटसाठी तिघांना हाका मारतात, परीक्षेची मुलं पॅड छातीशी धरून लगबगीने जातात. आमच्या मागच्या खिडकीच्या फटीतून दुपारचं ऊन आत येतं आणि त्या उन्हाच्या पट्टीत कारखान्याची रुई तरंगत राहते, पांढरी, हलकी, कुठेच जायची घाई नसलेली. लूमच्या तेलाचा वास आणि गल्लीतल्या कोणाच्या तरी मोगऱ्याचा वास एकमेकांत असे मिसळतात की भिवंडीबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आणि ह्याच दिवसांत आमचा उपवासकाळ येतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आमच्या घरी तेव्हा मासळी-मटण बंद. आमचे हे टपालखात्यातून निवृत्त झालेले, मोठे श्रद्धावान गृहस्थ. पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांचा चेहरा सुक्या बोंबलासारखा व्हायचा. बाजूच्या घरातून सुकटीचा वास आला की ते डोळे मिटून घेत. मला वाटायचं, प्रार्थना करताहेत.

त्या वर्षी, म्हणजे मोबाईल नुकते सगळ्यांच्या हातात खेळायला लागले होते तेव्हा, आमच्या पाळकसाहेबांनी उपवासकाळात साखळी प्रार्थना ठेवली. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येकाने एकेक तास वाटून घ्यायचा, आपापल्या जागी बसून प्रार्थना करायची, आणि आपला तास संपला की पुढच्याला मिस कॉल द्यायचा. साखळी तुटता कामा नये. चर्चच्या दाराशी एक पेटी ठेवलेली, तिच्यात ज्याने त्याने आपली विनंती चिठ्ठीवर लिहून टाकायची. रविवारी त्या चिठ्ठ्या वाचायच्या, त्यांची यादी करून सगळ्यांना द्यायची आणि आठवडाभर प्रत्येकाने आपल्या तासात त्या यादीवर प्रार्थना करायची. माझा तास दुपारी तीन ते चार. सकाळची शाळा करून, जेवून, पदर सारखा करून मी खुर्चीत बसे. माझ्यानंतर यादीत नाव होतं: ‘चार ते पाच: सगुणा, खारबाव.’

सगुणा मला माहीत होती. म्हणजे रविवारपुरती. चाळिशीची, काटक, शेवटच्या बाकावर बसणारी, बाहेर पडताना हात जोडून “सलाम, बाई” म्हणणारी. कुठेतरी कामाला जाते एवढं ऐकून होते. कुठे, ते विचारलं नव्हतं. पहिल्या बाकावरून शेवटचा बाक फार लांब असतो.

तर माझा तास. घराची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. कारखान्याचं दार पलीकडच्या गल्लीत, त्यामुळे आत कोण काम करतं ते मला कधी दिसलं नव्हतं. ऐकू मात्र सगळं यायचं. खटाखट, खटाखट, मांडणीतले पेले किणकिणायचे, देव्हाऱ्याच्या जागी आमच्याकडे लावलेला क्रूस खिळ्यावर हळूहळू तिरका व्हायचा आणि मी रोज तो सरळ करायचे. खिडक्या लावून पाहिल्या, पडद्यांवर चादरी टाकल्या, कानांत कापूस घातला. “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हणून सुरुवात केली की पुढचं वाक्य लूम म्हणायचे. शाळेत मी ‘गप्प बसा’ म्हटलं की चाळीस पोरं चिडीचूप व्हायची. ह्या चोवीस लूमांना कोण गप्प बसवणार?

त्या वर्षी मला शांती हवीच होती, हे खरं. जानेवारीत माझी आई गेली होती. आई म्हणजे चालता-बोलता रेडिओ. भाकरी थापताना प्रार्थना, तांदूळ निवडताना प्रार्थना, प्रार्थनेच्या मध्येच “अगं, दूध बघ” आणि पुन्हा “तर हे प्रभू” म्हणून पुढे सुरू. नाताळात मी तिच्याकडे गेले होते. शाळेचे पेपर तपासत होते आणि ती खाटेवर पडून एकच गोष्ट चौथ्यांदा सांगत होती. मी म्हटलं, “आई, जरा गप्प बस ना गं.” ती गप्प बसली. मी परत आले आणि दोन आठवड्यांनी ती गेली. आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. देवालाही नाही. मला वाटत होतं, एकदा हा बाहेरचा खटखटाट थांबला की मी नीट बसेन, नीट रडेन, क्षमा मागेन आणि मोकळी होईन. सगळा दोष लूमांचा. म्हणून ती डाव्या हाताची चिठ्ठी.

पाळकसाहेबांनी रविवारी ती वाचली. कोणाची ते कोणालाच कळलं नाही, फक्त आमच्या ह्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. आठवडाभर बारा तासांच्या बारा माणसांनी माझ्या कारखान्यावर प्रार्थना केली. आणि दहाव्या दिवशी, देवाशपथ, कारखाना बंद पडला.

सुताचे भाव चढले होते, कापडाला उठाव नव्हता, मालकाने कुलूप घातलं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की दुपारी तीन वाजता पेले किणकिणत नाहीत आणि क्रूस सरळ आहे. मी आनंदाने उडालेच. पुढच्या रविवारी साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायची वेळ, तेव्हा मी पदर खोचून उभी राहिले. “ती चिठ्ठी माझी होती!” निनावीपणाचं काय झालं विचारू नका, यश मिळालं की माणसाला आपलं नाव आठवतं. हात पसरून मी सांगितलं, कसा तो खटखटाट, कसा माझा विश्वास, कसं प्रभूने कुलूप घातलं. पाच मिनिटं बोलले. शेवटी “आमेन” ची वाट पाहत थांबले.

एकाच माणसाने “आमेन” म्हटलं. शेवटच्या बाकावरून. सगुणाने. खणखणीत.

बाहेर चपला घालताना पाळकबाई माझ्या कानाशी आल्या. “बाई, सगुणा तुमच्या मागच्याच कारखान्यात कांड्या भरते. बंद झाल्यापासून घरी बसून आहे बिचारी.” कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी, ती भरली नाही तर लूम चालत नाही.

घरी येताना हे म्हणाले, “टपालखात्यात जन्म काढला मी. बिनपत्त्याचं पाकीट कुठे जातं, ठाऊक आहे?”

“कुठे?”

“पाठवणाऱ्याकडे परत. पाठवणाऱ्याचंही नाव नसेल तर आम्ही फोडून बघायचो, आत कोण आहे ते. तू तर स्वतःच फोडलंस.”

कुलूप लागल्यापासूनचे दिवस साक्षीत काय सांगायचं ते ठरवण्याच्या आनंदातच गेले होते; सोमवारी तीन वाजता मी खुर्चीत बसले. अशी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. मोरीतला नळ ठिबकत होता. ह्यांचं घोरणं चालू होतं, त्यात एक शिट्टी असते हे मला लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर कळलं. मग आतलं सगळं बोलायला लागलं. धाकट्या जावेने एका बारशाला माझ्या भाजीत मीठ कमी असल्याचं चारचौघांत म्हटलं होतं, ते आठवलं, शब्दन् शब्द. मुख्याध्यापकांशी झालेलं भांडण आठवलं. आणि ह्या सगळ्यांच्या मागून, अगदी हळू, ते एक वाक्य. आई, जरा गप्प बस ना गं. मंगळवारीही तेच. बुधवारीही. लूमांनी इतके दिवस माझ्यावर उपकारच केले होते म्हणायचे. त्यांनी ते वाक्य झाकून ठेवलं होतं. ज्या शांततेसाठी बारा माणसांना कामाला लावलं, तिच्यात मला पाच मिनिटंही बसवेना. गुरुवारी तर माझा तास मी पंचविसाव्या मिनिटाला आटोपला आणि सगुणाला पस्तीस मिनिटं आधीच मिस कॉल देऊन टाकला.

शुक्रवारी धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा पकडली आणि खारबावला गेले. रिक्षात मनातल्या मनात भाषण तयार केलं, शाळा तपासणीला करायचे तसं. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप.

सगुणा अंगणात बसून शिंदीची पानं चिरत होती. दोन दिवसांवर झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आदला रविवार, आलेला, चर्चमध्ये सगळ्यांच्या हातात द्यायला त्या पानांचे क्रूस तीच करायची. मला बघून उठली.

“सलाम बाई! तुमी? उन्हातानात कशाला आल्या? बसा, बसा.”

माझी प्रस्तावना तिथेच विरघळली. “सगुणा, ती चिठ्ठी माझी.”

“हाय ठाव. उभं राहून सांगितला ना तुमी. सगल्या मंडळीनं ऐकला.”

“तुझं काम गेलं माझ्यामुळे.”

ती अशी हसली की तिच्या मांडीवरची पानं खाली पडली. “तुमच्यामुळं? बाई, तुमच्या चिठ्ठीनं लूम बंद व्हायला लागले ना, तर भिवंडीचे शेठ लोक तुमाला उचलून समुद्रात टाकून येतील. सुताचा भाव काय तुमी लिवता?”

मी विचारलं, “पण यादीत ती विनंती होती. तुझ्या तासाला तू वाचली असशील. तुझाच कारखाना आहे, हे तुला कळलं नाही?”

“कळला ना. तुमच्या मोरीच्या मागंच माझी मशीन. चार वाजता तुमचा मिस कॉल यायचा, त्या आवाजात घंटी कुठं ऐकू येतेय? मी मोबाईल कंबरेला खोसायची. थरथरला का समजायचा, बाईंचा तास झाला, माझा लागला.”

रोज चार वाजता मी खारबावच्या दिशेला म्हणून जो मिस कॉल पाठवत होते, तो माझ्या भिंतीपलीकडे पाच हातांवर पोचत होता. आणि ज्या आवाजात मला देवाचं नाव घेता येत नव्हतं, त्याच आवाजाच्या पोटात बसून ही बाई एक तास प्रार्थना करत होती.

“मग त्या चिठ्ठीसाठी काय मागितलंस?”

“मी बोलले, देवा, ही बहीण तरासली हाय, तिला शांती दे. न् आमचे लूम चालू ठेव. दोन्ही दे. तुला काय जड हाय?”

“आणि एवढ्या गोंगाटात लक्ष कसं लागतं गं तुझं?”

“लक्ष कशाला लावायचा? लूमच लावतंय. खट्, मुख्तारभाई. खट्, रामसजीवन. खट्, लतीफचाचा. एकेक खट्, एकेक नाव. मंग मंडळीतली. मंग तुमी.”

“मी?”

“रोज. तुमचा मिस कॉल आला का पयलं तुमचंच नाव.”

सगळी नावं मी तिच्याकडून लिहून घेतली, उजव्या हाताने. मुख्तारभाई सगळ्यांत जुना, ज्याचा पानाचा डबा सगळ्यांना चालतो. रामसजीवन, ज्याच्या मुलीचं गावाकडे लग्न ठरलंय. लतीफचाचा, जो जेवताना पहिला घास मांजरीला देतो. कारखाना बंद पडल्यावर सगळे आपापल्या मुलखात गेले होते. येताना सगुणाने माझ्या हातात पानाचा एक क्रूस दिला, हिरवा, अजून ओला.

शनिवारी तीन वाजता बसले. कारखाना मुका. नावं होती, पण ताल नव्हता. मग मी खुर्चीच्या हातावर बोटाने वाजवायला लागले. टक्, मुख्तारभाई. टक्, रामसजीवन, पोरीचं लग्न नीट होऊ दे. टक्, लतीफचाचा आणि त्याची मांजर. बोटाने भागेना म्हणून वाटी-चमचा घेतला. आतून ह्यांचा आवाज आला, “कोण आलंय गं?” मी म्हटलं, “बरेच जण आलेत. झोपा तुम्ही.” आणि वाजवत राहिले. नावं संपली, हात थांबला नाही. जावेचं नाव आलं, मुख्याध्यापकांचं आलं, त्यांच्या मागे मीठ नव्हतं की भांडण नव्हतं, नुसती नावं. आणि मग, मी न बोलावता, चमच्याच्या एका ठोक्यावर आई आली.

आई, बोल. बोल ना गं. मी ऐकतेय.

ती चौथ्यांदा सांगत असलेली गोष्ट मला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवली. एक बकरी चर्चमध्ये शिरते आणि दानाच्या थाळीतली फुलं खाते, एवढीच गोष्ट. मी रडत होते आणि बकरीला हसतही होते. दूध बघ, असं कोणीतरी म्हणालं असतं तर मी खरंच उठून बघितलं असतं. शांती म्हणतात ती मला त्या दिवशी भेटली. ती चमचा वाजवत आली, बडबडत आली, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. नंतर घड्याळ पाहिलं तर पावणेपाच. साखळी माझ्याकडेच अडकली होती. धावत सगुणाला मिस कॉल दिला.

दुसऱ्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, मी पेटीत दुसरी चिठ्ठी टाकली. सुवाच्य अक्षरात, खाली पूर्ण नाव. मागचा कारखाना सुरू व्हावा आणि सगळे सुखरूप परत यावेत. पाळकसाहेबांनी ती वाचताना एकदा चिठ्ठीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. ह्या वेळी “आमेन” पुष्कळ आले.

ईस्टर झाला. पुढे काही दिवसांनी मालकाला कुठलंसं काम मिळालं. एका दुपारी तीन वाजून गेले होते, मी बसलेच होते, आणि भिंतीपलीकडे एक लूम खोकला. थांबला. पुन्हा खोकला आणि मग चालायला लागला. मग दुसरा, तिसरा. मांडणीतला पहिला पेला किणकिणला. मी नावं घ्यायला लागले, पण नावांपेक्षा पाय जास्त घाईत होते. शंकरपाळ्यांचा डबा उचलला आणि गल्लीला वळसा घालून, आयुष्यात पहिल्यांदा, त्या कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

पायांखालची जमीन थरथरत होती. माणसांच्या भुवया रुईने पांढऱ्या, जणू सगळे एका दिवसात माझ्या वयाचे झालेले. बोलून उपयोग नाही म्हणून सगळं चालतं ते हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून. जो तो आपल्या लूमशी, आपल्याशी. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा गप्प वर्ग मी पाहिला नव्हता. सगुणा भिंतीशी कांड्या भरत बसली होती. भिंतीपलीकडे माझी मोरी. पानाच्या डब्यावरून मुख्तारभाई मी बरोबर ओळखला. तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, “अम्मा, आप दीवार के उस पार वाली? बहुत शोर होता होगा आपको?”

मी ओरडले, “नहीं, नहीं! आदत है!”

खोटं होतं, पण शंकरपाळ्या खुसखुशीत होत्या. दोन्हींचा हिशेब देवाने एकत्र केला असावा.

काल हे सगळं ऐकून एस्तेरने पुस्तक पुन्हा उघडलं. कापूस तिने परत कानांत घातला नाही. थोड्या वेळाने पाहते तर पोरगी खटाखटच्या ठेक्यावर मान हलवत इतिहासातल्या सनावळ्या पाठ करतेय. प्रार्थनेचं पुढे बघू. मी क्रूस सरळ केला. आता तो दिवसातून दोनदा तिरका होतो, भिंतही माझ्यासारखीच म्हातारी झाली. चार वाजता सगुणाला मिस कॉल दिला. आमची दोघींची साखळी अजून आहे.

पण त्या दिवसाचं शेवटचं राहिलंच. मुख्तारभाईला मी दिलेलं उत्तर सगुणाने लांबून माझ्या ओठांवर वाचलं होतं. मशीन थांबवून ती उठली, हसत हसत माझा दंड धरून मला दाराबाहेर गल्लीत घेऊन आली, माझ्या केसांतली रुई काढली आणि म्हणाली:

“बाई, पुढच्या टायमाला देवाला चिठ्ठी लिवाल ना, तर आधी मना दाखवा. तो भोला हाय, एखाद दिवस खरंच ऐकायचा!”